शेवटचा दीड मीटर

ॲम्प्लिफायर, टर्नटेबल आणि स्पीकर यांवर काही लाख रुपये घातलेल्या घरात रॅकच्या मागे डोकावून पाहिलं, तर बहुतेक वेळा एक पांढरा प्लॅस्टिकचा एक्स्टेंशन बोर्ड सापडतो. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घाईत आणलेला, कुठलीही पिन आत घेणाऱ्या ‘युनिव्हर्सल’ सॉकेटचा, धुळीने माखलेला. सगळ्या महागड्या यंत्रांची वीज त्याच्यातूनच जाते. तो काढून त्या जागी ‘पॉवर डिस्ट्रिब्युटर’ म्हणून विकला जाणारा जाड धातूचा बॉक्स ठेवावा का, यावरून हाय-फायच्या जगात चांगले मित्र अबोला धरतात. एका पक्षाच्या मते त्या बॉक्सने संगीतावरचा पडदा सरकतो. दुसऱ्याच्या मते सरकतात ते फक्त खिशातले पैसे.

पुण्यातल्या एका घरात हे दोन्ही पक्ष नात्यातलेच निघाले. मामा बँकेतून निवृत्त झालेले. हिंदुस्थानी संगीताच्या एलपी, जुनं टर्नटेबल आणि दोन माणसांनी उचलावा असा ॲम्प्लिफायर, हा त्यांचा दुसरा संसार. भाची विद्युत अभियंता, भोसरीतल्या कारखान्यात पॉवर सप्लायची डिझाइनं करणारी. मामांना नवा बॉक्स हवा होता. भाचीचं म्हणणं एवढंच, की तो कशासाठी हवा ते आधी ठरवा.

“अगं, ॲम्प्लिफायर म्हणजे शेवटी काय?” मामांनी सुरुवात केली. “भिंतीतली वीजच तो वळवून स्पीकरला देतो. तबकडीवरचा सिग्नल फक्त किती आणि कधी ते सांगतो. म्हणजे मी ऐकतो ती वीजच. मग ती स्वच्छ नको?”

“हे खरं आहे.”

“आणि विजेतला फरक कानाला कळत नाही असं मला सांगू नकोस. नव्वदच्या दशकात संध्याकाळी तबकडी लावली की पेटीशी सूर जुळायचा नाही, उतरलेला लागायचा. तीच तबकडी उशिरा रात्री लावली की चढायची. घरात सगळे म्हणायचे, तुमचे कान बिघडलेत.”

भाचीने त्यांच्या कानांची बाजू घेतली. त्या काळातल्या अनेक टर्नटेबलांत सिंक्रोनस मोटर असे आणि तिचा वेग व्होल्टेजवर नव्हे, विजेच्या वारंवारतेवर ठरतो. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असायला हवी. पण विजेचा तुटवडा असताना, विशेषतः संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी, ती ४९ च्याही खाली घसरत असे आणि मध्यरात्री मागणी ओसरली की ५० च्या वर जात असे. ५० चे ४९ झाले की तबकडी दोन टक्के हळू फिरते. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये साधारण सहा टक्क्यांचं अंतर असतं, म्हणजे सूर त्या अंतराच्या एक तृतीयांशाने उतरतो. तालमीतल्या कानाला तो खुपणारच.

“मग थांबलं कसं ते?”

“पैशाने. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागाच्या ग्रिडला नवी दरपद्धत लागू झाली. वारंवारता घसरलेली असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली, की त्या राज्याला भुर्दंड. त्यानंतर हळूहळू शिस्त आली. २०१३ च्या शेवटच्या दिवशी दक्षिणेचं ग्रिडही बाकीच्या देशाला जोडलं गेलं. आता वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. तुमच्या कानांनी पकडलं ते अगदी बरोबर होतं, मामा. पण तेव्हा तुम्ही कितीही भारी बॉक्स आणला असता, तरी त्यातून ४९ चे ५० झाले नसते. बॉक्स वीज वाटतो, बनवत नाही.”

ही पहिली फेरी बरोबरीत सुटली. श्रोत्याने ऐकलेलं खरं ठरलं आणि त्यावर त्याने सुचवलेला उपाय खोटा. या वादात असं वारंवार घडतं, म्हणून तो संपत नाही.

भाचीने मग ॲम्प्लिफायरच्या पोटात काय चालतं ते सांगायला घेतलं. भिंतीतून आलेली वीज आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरते, मग रेक्टिफायरमधून एकाच दिशेची होते आणि मोठ्या कपॅसिटरांत साठते. स्पीकरला वीज पुरवतात ते हे कपॅसिटर. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीला पालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं, पण नळ दिवसभर चालतो, तसंच हे. फरक इतकाच, की इथे टाकी सेकंदाला शंभर वेळा भरते, दर अर्ध्या लहरीच्या टोकाला, काही मिलिसेकंदांच्या झटक्यात.

“त्यापुढे जिथे रेग्युलेटर असतो तिथे आणखी गाळणी. एलएम३१७ नावाची साधी, वर्षानुवर्षं वापरातली चिप आहे. तिला योग्य कपॅसिटर जोडला तर पुरवठ्यातली लहर ८० डेसिबलने, म्हणजे दहा हजार पटींनी कमी होते. त्यापुढे एनई५५३२ सारखा ऑप-ॲम्प असेल, तर तो पुरवठ्यातला खळखळाट स्वतः आणखी एक लाख पटींनी अडवतो. इतकं सगळं पार करून तुमच्या बॉक्सच्या सॉकेटवरचा मुलामा ऐकू यायचा, म्हणजे कठीणच.”

मामा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. डेटाशीट वाचण्याची सवय त्यांनाही आता लागली होती.

“ते ८० डेसिबल कुठल्या वारंवारतेला? शंभर-एकशेवीस हर्ट्झला. पुढे आलेख बघ, वारंवारता वाढेल तशी ती गाळणी सुटत जाते. आणि घरातला कचरा शंभर हर्ट्झचा नाहीच. एलईडीचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर एसी, इंडक्शन शेगडी, राउटरचा अडॅप्टर, हे सगळे किलोहर्ट्झ आणि मेगाहर्ट्झमध्ये बोलतात. शिवाय पॉवर ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्याला बहुधा रेग्युलेटर नसतोच. तुझी टाकी आहे, पण तिला गाळणी नाही.”

हा मुद्दा भाचीने मान्य केला. चांगल्या डिझाइनमध्ये त्याची दखल घेतलेली असते, पण प्रत्येक यंत्र चांगल्या डिझाइनचं असतंच असं नाही. स्वस्तातल्या डॅकला, म्हणजे डिजिटल संगीत ॲनालॉग सिग्नलमध्ये बदलणाऱ्या यंत्राला, बाहेरून जोडलेला चार्जर असतो, जुन्या प्रीॲम्पमधले कपॅसिटर सुकलेले असतात. अशा ठिकाणी विजेच्या वाटेवर बसवलेला फिल्टर काम करू शकतो. पण मग खरेदी बॉक्सची नव्हे, फिल्टरची झाली.

“तुम्हाला प्रत्यक्ष त्रास कशाचा होतो?” तिने विचारलं. “पडदा, धुकं हे शब्द बाजूला ठेवा. काय ऐकू येतं?”

“घूं. तबकडी संपली, सुई वर उचलली, आवाज वाढवला की घूं.”

“कुठल्या पट्टीत?”

हा प्रश्न मामांना आवडला. पेटी आणून त्यांनी शोधलं: पांढरी पाच, पण किंचित चढी.

भाचीच्या हिशेबात हे बसत होतं. पांढरी पाचच्या खालच्या सप्तकातला सूर ९८ हर्ट्झच्या आसपास असतो. ५० हर्ट्झच्या विजेची दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झ, त्याच सुराच्या किंचित वर. त्याच्याही खालच्या सप्तकात खुद्द ५० हर्ट्झ. म्हणजे भारतातली वीज कायम चढ्या पांढरी पाचमध्ये गुणगुणते. गायक काळी एकचा असेल, तर तो सूर त्याच्या षड्जाला जवळजवळ तीव्र मध्यम लागतो. मालकंसात शुद्ध मध्यम राज्य करत असताना पार्श्वभूमीला हा तीव्र मध्यमाचा धागा, म्हणजे एखाद्या श्रोत्याने उठून जावं. तानपुऱ्याच्या आवाजात घूं लपेल असं वाटतं, पण संथ आलापीत ती उलट जास्त टोचते.

टर्नटेबलच्या, म्हणजे फोनोच्याच वाटेवर ही घूं का? तिथला सिग्नल मुळात नाजूक. मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजमधून काही मिलिव्होल्ट निघतात, मूव्हिंग कॉइलमधून तर मिलिव्होल्टचाही अंश. त्यात तबकडी कापताना खर्ज दाबलेला असतो आणि वाजवताना तो आरआयएए वक्ररेषेप्रमाणे पुन्हा उचलावा लागतो. एक किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला ही उचल सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट. वायरीत शिरलेली घूंही तितकीच उचलली जाते.

“आता या घूंच्या वाटा बघू,” भाची म्हणाली. “एक, काट्रिजची वायर ट्रान्सफॉर्मरच्या शेजारून जाते. ती फूटभर लांब सरकवा, बॉक्सची गरज नाही. दोन, टीव्हीच्या केबलचं जाळीदार आवरण दुसरीकडूनच कुठून तरी अर्थ घेऊन येतं आणि एव्ही ॲम्पमार्फत तुमच्या सिस्टीमला चिकटतं. केबल काढून बघा. तीन, संगणक. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, घूं थांबली तर उत्तर मिळालं. आणि चार...”

“चार म्हणजे माझा बॉक्स.”

“चार म्हणजे तुमचं टर्नटेबल एका भिंतीवरच्या सॉकेटवर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या. हो, इथे तुमचा बॉक्स.”

वादाची सगळ्यात ठोस जागा हीच. प्रत्येक यंत्रातून थोडा थोडा प्रवाह अर्थच्या वायरीत गळत असतो. दोन यंत्रं दोन वेगवेगळ्या लांब अर्थ वायरींवर असली, तर त्यांच्या धातूच्या आवरणांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. त्यांना जोडणाऱ्या सिग्नल केबलचं आवरण मग हा फरक मिटवायला धावतं आणि त्यातून वाहणारा प्रवाह संगीतात मिसळतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. कॅनडातले ध्वनितज्ज्ञ नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात याची एक बाजू उघड केली होती. अनेक यंत्रांत केबलचं आवरण बाहेरच्या पत्र्याला न जोडता आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेलं असतं आणि आवरणातला प्रवाह थेट सिग्नलमध्ये उतरतो. व्यावसायिक स्टुडिओही या दोषातून सुटले नव्हते. जेन्सन ट्रान्सफॉर्मर्सचे बिल व्हिटलॉक पुढे वर्षानुवर्षं हेच समजावत राहिले.

उपाय साधा आहे. सगळी यंत्रं भिंतीवरच्या एकाच सॉकेटवर, एकाच बॉक्समधून. बॉक्सच्या आत प्रत्येक सॉकेटची अर्थ एका जाड तांब्याच्या पट्टीवर स्वतंत्रपणे आलेली, एकातून दुसऱ्यात अशी माळेसारखी ओवलेली नाही. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात आणि युनिव्हर्सल सॉकेट सगळ्या देशांच्या पिना घेतं, म्हणून कुठलीच घट्ट धरत नाही. वरचा थ्री-पिन टॉप जरा हलला की कडकड. बॉक्स बदलून ‘आवाज स्वच्छ झाला’ असं सांगणाऱ्या अनेकांचा अनुभव इथून आलेला असतो आणि त्यात भ्रम काहीच नसतो.

“म्हणजे मी जिंकलो.”

“तुम्ही सहा घट्ट सॉकेट आणि एक तांब्याची पट्टी जिंकलात. ती आपला वायरमन पत्र्याच्या पेटीत बसवून देईल. ऱ्होडियमचा मुलामा, उणे तापमानात गोठवलेलं तांबं, हे अजून यायचंय.”

मामांनी मग जपानची गोष्ट काढली. तिथल्या काही श्रीमंत शौकिनांनी घराबाहेर स्वतःचा विजेचा खांब आणि त्यावर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवून घेतला, याची बातमी २०१६ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने छापली होती. “त्या लोकांना काय वेड लागलंय?”

“वेड असेलही, पण त्यांचं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे.” भाचीने कागद ओढला. जपानमध्ये घरात १०० व्होल्ट येतात, आपल्याकडे २३०. त्याच यंत्राला तितकीच शक्ती द्यायची, तर तिथे २.३ पट प्रवाह लागतो. वायर तीच असेल, तर तिच्यात पडणारं व्होल्टेजही २.३ पट आणि ते १०० मधून वजा होतं. टक्केवारीत तोटा पाचपटीहून जास्त. अमेरिकेत १२० व्होल्ट, तिथे साधारण पावणेचार पट. पॉवर केबल आणि बॉक्सविषयीचा पुष्कळसा सल्ला याच दोन देशांतून येतो आणि २३० व्होल्टच्या घरात जसाच्या तसा पाळला जातो.

“आता आपलं घर. डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून, म्हणजे डीबीपासून, रॅकपर्यंत पंधरा मीटर, जाऊन येऊन तीस. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. म्हणजे तीस मीटरला ०.२२ ओहम. घरी ऐकताना तुमचा ॲम्प्लिफायर भिंतीतून सरासरी सत्तर वॉट घेतो असं धरू. प्रवाह ०.३ अँपिअर. वायरीत पडलेलं व्होल्टेज ०.०७ व्होल्टच्या आत. कपॅसिटर भरताना प्रवाह क्षणभर पाच अँपिअरवर गेला, तरी १.१ व्होल्ट. आपल्याकडे शेजारच्यांचा गीझर लागला की त्याहून जास्त उतरतं.”

“मग ॲम्प्लिफायरला दिलेली शेवटची दीड मीटर वायर?”

“एक स्क्वेअर एमएमची असेल तर जाऊन येऊन ०.०६ ओहम. वीज प्रकल्पापासून शेकडो किलोमीटर येते, सबस्टेशनं बदलते, गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर उतरते आणि तुम्ही शेवटच्या दीड मीटरला तांब्याचं मखर बांधताय.”

“तू उलट्या टोकाकडून बघतेयस. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर तो शेवटचा नाही, पहिला दीड मीटर आहे. राउटरचा अडॅप्टर आणि माझा डॅक एकाच बोर्डावर शेजारी शेजारी बसलेत. तो कचरा कोयनेहून येत नाही, पाच इंचांवरून येतो. मग त्या पाच इंचांची व्यवस्था करायला नको?”

भाची यावर थोडी थांबली. हे तिने आधीच मान्य केलेलं होतं, पण मामांनी ते जास्त नेमकं मांडलं होतं. एकाच बॉक्समध्ये डिजिटल यंत्रांची दोन सॉकेट वेगळ्या फिल्टरमागे ठेवली, तर अडॅप्टरचा खळखळाट ॲनालॉग बाजूला कमी पोचतो. हे मोजता येतं. ऐकू येतं का, तो निराळा प्रश्न.

त्या निराळ्या प्रश्नावर डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एक चाचणी झाली होती. ती बॉक्सची नव्हती, पॉवर कॉर्डची होती. महागडी कॉर्ड आणि यंत्रासोबत येणारी साधी कॉर्ड पडद्याआड बदलायच्या, ऐकणाऱ्यांना कुठली कोणती ते माहीत नाही. ऐकणारे शौकीन, फरक कळतो असं मानणारे. १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर आली. म्हणजे ४९ टक्के. नाणं उडवूनही तेवढीच आली असती.

मामांनी ही चाचणी ऐकली होती आणि तिच्यावरचे आक्षेपही त्यांच्याकडे तयार होते. अनोळखी खोली, अनोळखी सिस्टीम, तुकड्यातुकड्याने ऐकणं, आपली परीक्षा चालू आहे ही जाणीव. “ख्याल तुकड्यात ऐकून कुणाला काही कळलंय का? आणि त्या दिवशी त्या लोकांना फरक कळला नाही, यावरून फरकच नाही असं कसं सिद्ध होतं?”

“होत नाही,” भाचीने सरळ कबूल केलं. “पण फरक आहे म्हणणाऱ्याने एकदा तरी न बघता ओळखून दाखवायला हवा. नाहीतर काय होतं ते सांगू? तुम्ही बॉक्स बदलता तेव्हा सगळ्या वायरी काढता आणि परत घालता. आरसीएच्या पिनांवरचा गंज त्या घासण्यानेच निघतो. मुंबईत, कोकणात खाऱ्या हवेने तर सहा महिन्यांत पिना काळवंडतात. परत लावताना स्पीकर इंचभर सरकतो. आवाजाची घुंडी केसभर वर राहते आणि जरासं मोठं वाजलं की कानाला ते ‘चांगलं’ वाटतं, मोठं वाटत नाही. फरक खरा असतो, श्रेय बॉक्सला जातं.”

यावर मामा बोलले नाहीत. ते उठून रॅककडे गेले आणि मोबाइलवरचा एक फोटो दाखवायला घेऊन आले. न्यू जर्सीत राहणारा त्यांचा मुलगा दिवाळीला येणार होता आणि त्याच्या सामानात हा बॉक्स येणार होता. आठ सॉकेट, आत सर्जपासून संरक्षण, तिथल्या दुकानात सवलतीत मिळालेला. “टॉपला फक्त अडॅप्टर लावायचा.”

भाचीचा आवाज पहिल्यांदा चढला. “हा इथे लावायचा नाही. अजिबात नाही.”

अमेरिकी घरगुती सॉकेट १२५ व्होल्टसाठी बनवलेलं असतं. पण खरी भीती आत आहे. सर्जपासून वाचवणारा भाग म्हणजे मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, नाण्याएवढी रंगीत चकती. ठरावीक व्होल्टेजपर्यंत ती स्वस्थ असते, त्यावर गेलं की वीज स्वतःतून वाहू देते. १२० व्होल्टच्या देशातल्या बॉक्समध्ये ही मर्यादा १३० ते १५० व्होल्टच्या आसपास ठेवतात. तिला २३० व्होल्ट दिले, की तिच्या दृष्टीने सर्ज कधी संपतच नाही. चकती तापते, फुटते, प्लॅस्टिक पेट घेऊ शकतं. अडॅप्टरने पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या एक्स्टेंशन बोर्डांनी आपल्याकडच्या घरांत असा जाळ केव्हाही होऊ शकतो, आणि बॉक्सवर छापलेला एक आकडा वाचला तर तो टळतो.

“बरं. मग इथलाच घेतो, २३० व्होल्टचा, फिल्टरवाला.”

“त्यासाठी आधी अर्थिंग बघावं लागेल.” फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून थोडी वीज सतत अर्थला गळते. ४.७ नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून साधारण ०.३४ मिलिअँपिअर. दहा यंत्रांचं आणि बॉक्सचं मिळून ते वाढत जातं आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला, म्हणजे गळती पकडून वीज तोडणाऱ्या स्विचला, उगाच पडण्याकडे ढकलतं. ते तरी बरं. जुन्या इमारतीत अर्थची वायर नुसती शोभेला असेल, तर फिल्टरमुळे सगळ्या यंत्रांचे पत्रे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगू लागतात. हात लावला की झिणझिण्या. अशा वेळी कुणी वायरमन सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून देतो. न्यूट्रल कधी सुटला, तर तोच पत्रा जिवावर उठतो. आणि घूं घालवायला अर्थची पिन कापणारे शौकीन त्याहून वाईट. आपल्या टॉपची अर्थ पिन जाड आणि लांब ठेवलेली असते, ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून.

मामांचा आणखी एक प्रश्न राहिला होता. सकाळी आठच्या सुमाराला ॲम्प्लिफायर स्वतःच गुरगुरतो, स्पीकर नव्हे, ट्रान्सफॉर्मरच. बाकी दिवसभर शांत.

“सकाळी आठला घरात कोण केस वाळवतं?”

मामी, अर्थातच. काही हेअर ड्रायर कमी वेगावर एक डायोड लावून अर्धीच लहर वापरतात. त्यामुळे विजेत किंचित डीसी मिसळतो. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात हवेची फट नसते, म्हणून थोड्याशा डीसीनेही तो एका बाजूला संपृक्त होऊन गुरगुरतो. हा डीसी अडवणारं छोटं सर्किट काही बॉक्समध्ये असतं आणि ते खरंच काम करतं. त्याच ट्रान्सफॉर्मरमुळे ॲम्प्लिफायर चालू करताना कधी कधी एमसीबीही पडतो. बी प्रकारचा एमसीबी रेटिंगच्या तीन ते पाच पट झटक्याला सुटतो, सी प्रकारचा पाच ते दहा पट. तेवढ्यासाठी भिंत फोडायची गरज नसते, वायरला साजेशा रेटिंगचा सी प्रकारचा एमसीबी घातला की पुरतं.

संध्याकाळ होईपर्यंत कागदावर एक यादी तयार झाली होती. सगळ्यात वर भाचीने लिहिलं: न्यूट्रल. मामांना वाटलं ती विषय सोडून बोलतेय. पण तीन फेज येणाऱ्या इमारतीत मुख्य पॅनेलमधला न्यूट्रल ढिला झाला, तर एखाद्या फ्लॅटला २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं आणि ते मिनिटांपर्यंत टिकतं. सर्जची चकती मायक्रोसेकंदांसाठी असते, अशा वेळी ती स्वतःच जळून जाते. हजारोंचा बॉक्स त्या दिवशी कामाला येत नाही. डीबीत बसवलेला, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडणारा रिले येतो. त्याखाली अर्थिंगची मोजणी. त्याखाली डीबीतून रॅकपर्यंत स्वतंत्र लाइन. मग डीबीत सर्ज संरक्षण. मग पत्र्याची पेटी, आत तांब्याची अर्थ पट्टी, आयएसआय छापाची सहा सॉकेट, त्यातली दोन फिल्टरमागे, राउटर आणि डॅकसाठी. शेवटी डीसी अडवणारं सर्किट.

मामांनी यादीच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ घातली: दुकानातला तो महाग बॉक्स, महिनाभर वापरून परत करण्याच्या बोलीवर.

“घ्या,” भाची म्हणाली, “पण पडद्याआड. सोळा वेळा. मामी बॉक्स बदलतील, तुम्ही ओळखायचं. सोळापैकी बारा बरोबर आले, तर मी मानते. नुसत्या नशिबाने तेवढे यायची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी आहे.”

“माझीही अट आहे. तुकडे नाहीत. दर वेळी एलपीची अख्खी बाजू.”

“मग सोळा संध्याकाळी लागतील.”

“मी निवृत्त आहे.”

मामींनी होकार दिला, पण रॅकच्या मागची धूळ त्याआधी मामांनी पुसायची या अटीवर. सोसायटीच्या सभेत मुख्य पॅनेलच्या न्यूट्रलचा विषय कोण काढणार, हे मात्र अजून ठरलेलं नाही. चेअरमन तळमजल्यावर राहतात आणि सेक्रेटरींच्या मते इमारतीत लाइटचा काहीच प्रॉब्लेम नाही.